पदकाच्या कडेवरचे नाव

वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या या स्मृतिग्रंथासाठी आपल्या परिसराच्या इतिहासावर एखादा लेख द्यावा, असा कार्यवाहांचा निरोप आला, तेव्हा साहजिकच मोठे विषय डोळ्यांपुढे आले. निपाणकर देसायांचे घराणे, हलशीचे कदंब, १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेले राष्ट्रीय सभेचे अधिवेशन, असे कितीतरी. परंतु या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे आणि जिज्ञासू वाचकाला त्यातील बरेचसे आपल्या वाचनालयाच्या कपाटांतच सापडेल. म्हणून मी येथे एका लहानशा वस्तूविषयी लिहिण्याचे ठरविले. तिचा व्यास अवघा ३६ मिलिमीटर आहे. निपाणीच्या परिसरातील एका खेड्यात पडक्या घराच्या मातीतून ती वर आली आणि सोनाराच्या मुशीत जाता जाता वाचली.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या घराचा पडका सोपा उतरवून नवे बांधकाम काढले होते. जुनी भिंत उतरविताना गुप्तधन निघते, ही आपल्याकडील फार जुनी समजूत. पूर्वी अशा वेळी पायाळू माणसाला बोलावणे धाडीत, डोळ्यांत अंजन घालीत, कोणी देवऋषी नारळ फिरवी. आता पायाळू माणसाची जागा धातुशोधक यंत्राने घेतली आहे. घरातील तरुण मुलांनी असे एक यंत्र घरपोच मागविले होते आणि मजूर दुपारी भाकरीला बसले की ही मंडळी कानाला लावून मातीच्या ढिगावर ते फिरवीत.

या यंत्राचा इतिहासही मनोरंजक आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा त्यांच्या शरीरात रुतलेली ती गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अशाच तत्त्वावरचे एक उपकरण तयार केले. अध्यक्षांच्या बिछान्यातील लोखंडी स्प्रिंगांमुळेही त्या उपकरणाची दिशाभूल झाली, असे सांगतात. गोळी सापडली नाही आणि अध्यक्षही वाचले नाहीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने जमिनीत पुरलेले सुरुंग शोधण्याचे हातयंत्र सिद्ध केले. १९४२ च्या एल् अलामेनच्या लढाईत ते उपयोगी पडले. तत्त्व सोपे आहे. तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात लहान लहान विद्युत्प्रवाह फिरू लागतात आणि त्यांची चाहूल यंत्राला लागते. यंत्र वाजते ते एवढ्यासाठी. सोने आहे की गंजलेला खिळा, हे ते खात्रीने सांगू शकत नाही.

मुलांना पहिल्या दोन दिवसांत खिळेच मिळाले. मग नांगराच्या फाळाचा तुकडा, बैलाच्या शिंगाची पितळी शेंबी, एक झिजलेला ढब्बू पैसा. तिसऱ्या दिवशी कोनाड्याच्या पडलेल्या मातीत एक काळवंडलेली चकती मिळाली. रुपयाहून मोठी, जड, वर अडकविण्याच्या कडीचा मोडका अवशेष. माझा विद्यार्थी ती रुमालात बांधून संध्याकाळी माझ्याकडे आला. त्याच्याबरोबर आलेल्या पुतण्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘सर, ह्याची चांदी किती भरंल?’ सोनाराने त्यांना वजनाचा आकडा आधीच सांगितला होता. आटवून त्याची दोन पैंजणे करावीत, असा घरात विचार चालू होता.

त्या मुलाला दोष देण्याचे कारण नाही. ज्या वस्तूवर काय लिहिले आहे ते वाचता येत नाही, तिची किंमत माणूस वजनावरच करणार. मी चकती साध्या पाण्यात धुतली. चिंच किंवा राख लावून घासू नका, एवढे बजावले, कारण घासण्याने मळ जातो तशी अक्षरेही जातात. पाणी निथळल्यावर एका बाजूस राजाचा चेहरा दिसू लागला आणि ही वस्तू काय आहे, ते कळले.

पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली, ब्रिटिश सरकारने त्या युद्धाच्या स्मरणार्थ एक पदक सुरू केले. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ हे त्याचे नाव. दर्शनी बाजूस बादशहा पंचम जॉर्ज यांचे मुख आहे. त्या काळच्या रुपयावर तेच बादशहा मुकुट घातलेले दिसतात, पदकावर मात्र ते उघड्या डोक्याचे आहेत. भोवती लॅटिन अक्षरांत ‘सर्व ब्रिटनांचा राजा आणि हिंदुस्थानचा बादशहा’ अशा अर्थाची पदवी कोरलेली आहे. मागील बाजूस घोड्यावर बसलेला विवस्त्र वीर, म्हणजे सेंट जॉर्ज, शत्रूच्या गरुडचिन्हांकित ढालीला आणि मानवी कवटीला टापांखाली तुडवीत चालला आहे. शेजारी १९१४ आणि १९१८ ही साले. विल्यम मॅकमिलन या शिल्पकाराने ही मागील बाजू घडविली. अशी सुमारे ६५ लाख रौप्यपदके वाटली गेली. लढवय्या शिपायाला चांदीचे पदक मिळे. मजूर तुकड्या व लष्कराबरोबर जाणारे बिगरलढाऊ नोकर अशांसाठी तेच पदक काशाचे काढण्यात आले आणि अशी पदके सुमारे १ लाख १० हजार निघाली. लढाईची उतरंड अशी धातूतही उमटली होती.

चांदीच्या पदकाचे वजन सुमारे अडीच तोळे भरते. शिपायाचा त्या वेळचा पगार महिना ११ रुपये होता आणि रुपया एक तोळ्याचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे चार वर्षांच्या युद्धाच्या या स्मरणचिन्हात किती पगाराची चांदी होती, त्याचा हिशेब वाचकांना करता येईल.

पदकाच्या या दोन्ही बाजू ६५ लाख पदकांवर अगदी एकसारख्या आहेत. लंडनच्या कारकुनाचे पदक असो, ऑस्ट्रेलियातील मेंढपाळाचे असो की आमच्या वेदगंगेकाठच्या शेतकऱ्याचे असो, राजा तोच आणि घोडाही तोच. वेगळी असते ती फक्त जेमतेम तीन मिलिमीटर रुंदीची कड. या कडेवर रोमन लिपीत पदकधारकाचा शिपाई-क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही चार गोष्टी ठोकलेल्या असतात. मी भिंग घेऊन पदक कंदिलासारखे फिरवीत गेलो. क्रमांकातील एक आकडा झिजला होता. हुद्दा ‘शिपाई’. मग दोन शब्दांचे नाव. आणि शेवटी ‘११० मराठा लाइट इन्फन्ट्री’.

या शेवटच्या तीन शब्दांशी बेळगावचे नाते निकटचे आहे. आज बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु हे केंद्र १९२२ च्या पुनर्रचनेनंतरचे. त्यापूर्वी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा स्वतंत्र क्रमांकांच्या सहा मराठा पलटणी होत्या. १९२२ साली त्या एकत्र आणून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही एकच रेजिमेंट बनविण्यात आली आणि तिची प्रशिक्षण पलटण बेळगावात आली. नावात मराठा असले तरी जुन्या पलटणींत केवळ एकाच समाजाची माणसे नव्हती. घाटावरील मराठ्यांच्या आणि कोकणी मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. याच युद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

११० वी पलटण युद्धात उतरली ती सहाव्या पुणे डिव्हिजनमधून. या डिव्हिजनच्या तीन ब्रिगेड होत्या आणि त्यांची नावे आपल्याच ठाण्यांची होती. सोळावी पुण्याची, सतरावी अहमदनगरची आणि अठरावी बेळगावची. ११० वी मराठा याच बेळगाव ब्रिगेडमध्ये होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये ही डिव्हिजन इराणच्या आखाताच्या टोकाशी उतरली. त्याच महिन्यात बसरा हाती आले. त्यानंतर तैग्रीस नदीच्या काठाकाठाने सेना वर सरकत गेली. सप्टेंबर १९१५ मध्ये कुत-अल्-अमारा घेतले, आणि नोव्हेंबर महिन्यात बगदादच्या उंबरठ्यावर टेसिफोन येथे मोठी लढाई झाली. तेथे इतकी माणसे पडली की जनरल टाउनशेंड यांना मागे फिरून कुतच्या गावात आश्रय घ्यावा लागला. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी गाव वेढले. ते २९ एप्रिल १९१६ रोजी शरण येईपर्यंत सुटले नाही.

कुतच्या वेढ्याचे वर्णन इंग्रजी ग्रंथांतून पुष्कळ आले आहे, परंतु आपल्या वाचकांना एक तपशील वेगळ्या रीतीने जाणवेल. वेढ्यात धान्य होते तेव्हा दळण्याची सोय अपुरी पडली. तेव्हा विमानांतून जात्याचे दगड खाली टाकण्यात आले. पुढे पुढे विमानांतून धान्याच्या गोणीही टाकल्या गेल्या, पण त्या पुरेनात. घोडे कापले जाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी अनेकांनी धर्माच्या विचाराने ते मांस बराच काळ नाकारले आणि त्यामुळे ते अधिक खंगले. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. शरण आलेल्यांची संख्या, बिगरलढाऊ नोकर धरून, सुमारे १३ हजार होती. वाळवंटातील पायपीट आणि कैद यांत त्यांतील हजारो मेले. या पलटणी नंतर नव्या भरतीने पुन्हा उभ्या करण्यात आल्या.

आपला शिपाई या वेढ्यात होता, की नंतरच्या भरतीतला होता? पदक ते सांगत नाही. तो परत आला की नाही, हेसुद्धा पदक सांगत नाही, कारण मृत सैनिकाचे पदक त्याच्या वारसाला दिले जाई. मेलेल्यांच्या घरी याखेरीज सुमारे पाच इंच व्यासाची काशाची एक चकतीही जात असे. तिच्यावर ब्रिटानिया, सिंह आणि हुद्दा वगळून केवळ नाव असे. अशा सुमारे साडेतेरा लाख चकत्या काढल्या गेल्या. या घरी तशी चकती कोणाच्या पाहण्यात नव्हती. एवढ्यावरून निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरले असते. म्हणून मी स्वतः त्या गावी जाण्याचे ठरविले.

घरात ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आहेत. सासरी आल्या तेव्हा त्यांच्या आजेसासू हयात होत्या. घरात कोणी पलटणीत होते का, असे विचारताच त्या म्हणाल्या, ‘व्हते की. बसऱ्याचा आजा म्हनत्यात त्यास्नी.’ आजेसासूचे यजमान बसऱ्याला जाऊन आले होते, परत आल्यावर शेती करीत होते, रात्री झोपेत ओरडत, एवढेच घरात ऐकिवात होते. बसरा म्हणजे मोत्यांचे गाव, अशी या आजींची समजूत होती आणि म्हातारबाबा मोती आणायला गेले असावेत, असे त्यांना नव्या नवरीच्या वयात वाटत असे. त्यांचे नाव काय, असे मी विचारले. ते मात्र घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

शहरातील वाचकांस याचे आश्चर्य वाटेल, पण त्याची कारणे साधी होती. शेताच्या उताऱ्यावर थोरल्या भावाचे नाव होते, कारण खाते एकत्र होते आणि वाटण्या पुढच्या पिढीत झाल्या. घरातील पुरुष त्यांना ‘आजा’ म्हणत, गाव ‘पलटणवाले’ म्हणे. आणि ज्या बाईने त्यांच्याबरोबर संसार केला, तिने जुन्या रीतीप्रमाणे त्यांचे नाव आयुष्यभर तोंडातून काढले नाही.

मग मी कडेवरचे नाव वाचून दाखविले. रोमन लिपीत ल आणि ळ, न आणि ण, ट आणि त एकच होतात आणि गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे ते लिहिले गेले होते. मी दोन-तीन प्रकारे उच्चारून पाहिले. तिसऱ्या उच्चाराला आजींनी मान वर केली. थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘म्हनूनच आमच्या आजेसासूबाई त्या पाखराला कवा नावानं हाक मारीत न्हवत्या. हिरवं पाखरू म्हनायच्या. आमी पोरी हसायचो.’

ते नाव येथे देत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे. आपल्या शेतशिवारात थव्याने येणाऱ्या एका पाखराचेही तेच नाव आहे, एवढे सांगितले म्हणजे चतुर वाचक ते ओळखतील. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून त्या नावाशी जुळणारा शब्दही टाळायचा, ही रीत आपल्या आज्यापणज्यांनी पाळलेली आहे. एका बाईने न उच्चारलेल्या शब्दाने आणि दूर कोठे तरी यंत्राने ठोकलेल्या अक्षरांनी एकमेकांची साक्ष दिली. इतिहासाचा अभ्यासक ज्याला पुरावा म्हणतो, तो याहून निराळा नसतो.

येथे एका गोष्टीचा विचार करण्यासारखा आहे. लढणाऱ्या माणसाचे स्मारक करणे आपल्याला नवे नाही. आपल्या भागातील देवळांच्या आवारांत वीरगळ उभे असतात. खाली लढाई, मध्ये अप्सरांबरोबर स्वर्गारोहण, वर शिवपूजा, अशी त्यांची रचना असते. कन्नड मुलखातील वीरगळांवर बरेचदा लेख कोरलेला असतो, महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळ निर्लेख असतात. सीमेवरच्या आपल्या टापूत दोन्ही रीती जवळजवळ नांदतात. त्या निर्लेख दगडावरील वीर कोण, हे आज गावात कोणी सांगू शकत नाही. तेल-शेंदूर लागून तो ग्रामदेव झालेला असतो.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबई इलाख्यातील अनेक गावांत सरकारने संगमरवरी पाट्या बसविल्या. या गावातून महायुद्धास इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा त्यांवरील मजकुराचा साचा. आकडे तेवढे गावागणिक बदलतात. नाव एकाचेही नाही. जेथे हे शिपाई प्रत्यक्ष मेले, त्या मेसोपोटेमियातही तेच झाले. ज्यांची थडगी नाहीत अशा ४० हजारांहून अधिक मृतांचे स्मारक बसऱ्याला उभारले गेले आणि मार्च १९२९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या भिंतींवर ब्रिटिश शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा कोरला गेला. १९९७ साली सद्दाम हुसेन यांच्या आदेशाने ते स्मारक बसरा शहराजवळून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेण्यात आले. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत, हे खरे. पण पहिल्या महायुद्धात मेलेल्या हिंदी सैनिकांची संख्या ७० हजारांच्या पुढे जाते.

या अन्यायाची कबुली मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. युद्धमृतांची स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. आशिया व आफ्रिकेतील लाखाहून अधिक मृतांची नावानिशी नोंद झाली नाही, आणि कित्येकांची तर मुळीच नोंद झाली नाही, असे त्यात मान्य करण्यात आले. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी त्या देशाच्या संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली.

हे सारे लक्षात घेतले म्हणजे पदकाच्या त्या अरुंद कडेचे मोल कळते. ज्या साम्राज्याने बसऱ्याच्या भिंतीवर आमच्या शिपायाला आकड्यात मोजले, त्याच साम्राज्याच्या कारकुनी शिस्तीने पदकाच्या कडेवर त्याचे नाव घातले. जो मेला त्याचेही आणि जो परत आला त्याचेही. त्यात कृतज्ञता किती होती, हा प्रश्न वेगळा. पदके चुकीच्या हाती जाऊ नयेत, एवढाच तीत हेतू असेल. परंतु परिणाम असा झाला की आपल्या मुलखातील हजारो साध्या माणसांची नावे चांदीच्या कडांवर उतरली आणि घरोघर पोचली. हलशीला सापडलेल्या ताम्रपटांवर कदंब राजांची वंशावळ आणि त्यांची दाने आहेत, त्या जमिनी कसणाऱ्या कुळांची नावे आपल्याला कळत नाहीत. या पदकांवर मात्र कुळवाड्याचेच नाव आहे.

आणि नेमकी हीच नावे आज आटत आहेत. चांदीचा भाव वाढला की जुनी पदके मुशीत जातात. १९८० च्या जानेवारीत जागतिक बाजारात चांदीचा भाव काही महिन्यांत कित्येक पटींनी चढला, तेव्हा खुद्द इंग्लंडमध्ये ही पदके मोठ्या संख्येने वितळविली गेली. आपल्याकडे दुष्काळ, लग्न, दवाखाना अशी कारणे बारमाही असतात. भांडवल नसलेल्या घराने अडीच तोळे चांदी मोडली, तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत. मोडण्यापूर्वी कडेवरचे चार शब्द वहीत उतरवून घेतले असते तर काही बुडाले नसते, एवढेच म्हणावेसे वाटते.

यंत्र घेऊन फिरणाऱ्या तरुणांसाठीही दोन शब्द. इंग्लंडात धातुशोधन हा छंद म्हणून रूढ आहे आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद करून घेणारी स्वतंत्र व्यवस्था १९९७ पासून तेथे चालू आहे. आपल्याकडे तशी मोकळीक नाही. १८७८ च्या निखात निधी अधिनियमापासून जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन आहे, कर्नाटक राज्याचा या विषयावर १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागू होऊ शकतो. संरक्षित स्थळी खोदणे हा तर गुन्हाच आहे. कायद्यापलीकडेही एक कारण आहे. वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती, यावरून तिचा काळ ठरतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर काशाची सुंदर रोमन मूर्ती सापडली. तिच्याबरोबरचा परिसर पुढे १९४५ च्या सुमारास डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी शास्त्रशुद्ध उकरला, म्हणून सातवाहन काळातील त्या नगराचे चित्र उभे राहिले. नुसती मूर्ती काढून नेली असती, तर ती शोभेची वस्तू ठरली असती. माझ्या विद्यार्थ्याने माझ्या सांगण्यावरून सापडलेल्या वस्तूंची यादी करून रीतसर अर्ज दिला. यंत्र आता माळ्यावर आहे.

पंजाबातून या युद्धास गेलेल्या सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात पडून होत्या. सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची माहिती त्यांत आहे. ती २०२१ पासून संगणकावर शोधता येऊ लागली, आणि परदेशांत वाढलेली नातवंडे-पतवंडे आपल्या खापरपणजोबांचे नाव त्यांत पाहू लागली. पंजाबाच्या मानाने आपल्या भागाची भरती कमी असेल, पण बसऱ्याला गेलेला एखादा आजा नाही असे गाव आपल्या टापूत शोधावेच लागेल. राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदी, पलटणींचे इतिहास, शाळांची जनरल रजिस्टरे, गावांतील संगमरवरी पाट्या आणि घरोघरची पदके एकत्र केली, तर बेळगाव, चिकोडी, खानापूर आणि निपाणी या भागांची तरी यादी उभी राहू शकेल. त्यात मराठी नावे येतील तशी कन्नडही येतील, हिंदूंची येतील तशी मुसलमानांचीही येतील. हे काम एकट्या अभ्यासकाच्या आवाक्यातले नाही. सभासदांच्या घरोघर पोचलेली संस्थाच ते करू शकते.

म्हणून या स्मृतिग्रंथाच्या निमित्ताने सभासदांना आणि आश्रयदात्यांना माझी एक विनंती आहे. आपापल्या देवघरातील डब्या, ट्रंका, जुन्या फडताळांतील गाठोडी एकदा उघडून पाहावीत. पदक सापडल्यास ते घासू नये आणि विकू नये. भिंगातून कड वाचावी, पेन्सिलीने कागदावर ठसा घ्यावा, आणि घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला ते नाव मोठ्याने वाचून दाखवावे. ज्या शब्दाला ती थबकेल, तो शब्द लिहून ठेवावा.

कार्यवाहांनी वाचनालयात यासाठी एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी, असे मी सुचवितो. पदक ज्याचे त्याच्या घरीच राहील. वहीत क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, गाव आणि माहिती सांगणाऱ्याचे नाव एवढे पुरे. आमच्या बसऱ्याच्या आजांचे पदक सध्या नव्या घराच्या देवघरात, तांबड्या कापडात गुंडाळून ठेवले आहे. वही सुरू झाल्यास पहिली नोंद करण्यास त्या घरच्यांनी संमती दिली आहे, आणि तीत नाव पूर्ण लिहावे, असे आजींनी सांगितले आहे.